झाडाला लावलेला कान

पहिल्या वर्षी गैनुल्लांनी मला माशी दाखवलीच नाही.
दोर दिला.
चामड्याच्या पट्ट्यांची वेणी, दहा हात लांब,
तिच्यावर दोन पिढ्यांच्या घामाची काळी साय.
खोडाभोवती फेकायचा, कमरेमागून घ्यायचा,
आणि रेलायचं. मागे, तानसुलू, मागे!
झाडाला मिठी मारतो तो पडतो.
मी मिठी मारली.
गुडघ्याची वाटी महिनाभर सुजलेली,
आणि अगिदेलच्या दोन्ही काठांना कळलं
की कापडगिरणी बंद पडून परतलेली ती सून
चाळिसाव्या वर्षी झाडावर चढायला शिकते आहे.

मग धूर.
कुजक्या लिंडेनचा धूर गोडसर, माशी पेंगते.
पाइनचा डोळे जाळतो, तिचेही, आपलेही.
लसूण खाऊन जायचं नाही.
भांडून जायचं नाही,
भांडणाचा वास म्हणे लसणापेक्षा जास्त टिकतो.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल.
बर्फ खोडांपासून हातभर मागे सरकलेला.
वर मी, खाली ते,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघ्यांनी आणि कानांनी
एकाच हिवाळ्यात राजीनामा दिलेले.
पाठ होतं मला सगळं:
ढोलीच्या फळीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचं.
आवाज भसकन उठून लगेच विझला तर राणी आहे, घर नांदतं आहे.
लांबला, कण्हत राहिला, तर पोरकं.
काहीच नाही आलं
तर काहीच नाही.

कानात प्राण आणून ऐकलं.
राळेचा वास. माझ्याच कानशिलाचे ठोके.
खाली त्यांची मेंढीच्या कातड्याची टोपी,
तिच्याखाली वर वळलेला चेहरा, ताटलीसारखा, रिकामा, वाट बघणारा.
ही ढोली त्यांच्या आईच्या वडिलांनी कोरलेली.
"काय म्हणतायत?"
मी ओरडले, "नांदतंय!"
त्यांना ऐकू गेलं नाही.
म्हणून पुन्हा ओरडले.

मेअखेर फळी काढली.
बुडाशी मेलेल्या माश्यांचा ओलसर थर, बुरशी आलेला,
पोळ्यात उंदराने केलेलं घर,
आणि मेणात अळ्यांचे जाळीदार बोगदे.
एप्रिलमध्ये झाडून, धुरी देऊन, नवं मेण चोळलं असतं
तर जूनचा थवा इथे उतरला असता.
तो उतरला दरीपलीकडे, दुसऱ्यांच्या झाडावर,
दुसऱ्यांच्या कुळाची खूण कोरलेल्या.

गैनुल्ला काही बोलले नाहीत.
मी खाली सोडलेल्या बादलीतून मूठभर माश्या
टोपीत घेतल्या, फुंकर मारून बुरशी उडवली.
नदीचा उतार ओलांडताना, घोड्यावरून, मागे न बघता:
"मला बरं वाटावं म्हणून?"
"हो."
"माणसांना सांग तसलं. त्यांना सवय असते."

सप्टेंबरात मध काढायला शिकवलं, वर्षातून एकदाच.
सुरी कुठे थांबवायची, एवढंच खरं तर शिकायचं असतं.
मला वाटलं, अजून एक थर निघेल.
त्यांनी खालून दोर हलवला.
शाळेत बेरजेला हातचा धरायचो ना,
तो विसरला की उत्तर चुकायचं,
तसा माश्यांचा हिवाळा हातचा धरायचा.
बादलीत आलं ते पाहून सून म्हणून हसलेल्या बायकाही
बरण्या घेऊन आल्या.
दिला. लसणाचा वास येत होता त्यांना.

आता माझं स्वतःचं झाड आहे.
अकरा दिवस पोखरलं, तळहातांची सालं गेली.
कुळाची खूण त्यांनी मला कोरू दिली,
एक रेघ वाकडी आली, तशीच राहू दिली.
अजून दोन वर्षं वाळायचं आहे लाकूड,
तोवर कुणी येणार नाही. हे दोघांनाही माहीत.

तरी काल वर होते
तेव्हा खालून हाक आलीच:
"काय म्हणतंय?"
मी पेराने दोनदा वाजवलं.
कान लावला. थांबले, नीट थांबले.
"काहीच नाही!"
यावेळी एकदाच ओरडले, पण ऐकू गेलं असावं,
कारण त्यांनी मान हलवली
आणि म्हणाले, "मग उतर. दोर भिजतोय."